एकतारी घ्या, दोनतारी नको

"त्यात काय एवढं?" हे फ्यूजकाकांचं ठरलेलं वाक्य होतं. नळ गळतोय? त्यात काय एवढं! कपाटाचं दार निखळलंय? त्यात काय एवढं! मग नळ आधीपेक्षा जोरात गळायला लागायचा, कपाट दारासकट आडवं व्हायचं, पण काकांचा उत्साह काही आडवा व्हायचा नाही. विजेच्या कामात मात्र त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. वायरमन म्हणून त्यांनी उभा जन्म काढला आणि एवढ्या वर्षांत आपल्या हातून एकदाही शॉर्टसर्किट झालं नाही, हे ते समोरच्याने विचारण्याआधीच सांगायचे. निवृत्तीनंतरही इमारतीत कुणाचा फ्यूज उडाला की हे पक्कड घेऊन हजर. त्यांचा स्वतःचाही फ्यूज वरचेवर उडायचा. 'फ्यूजकाका' या नावात दोन्ही गोष्टी आल्या.

थंडी पडायला लागली तेव्हा परगावच्या लेकीचा फोन आला आणि ती म्हणाली, "बाबा, रविवारी संध्याकाळी येते. पण खरं सांगू? यायला धीरच होत नाही. कोपऱ्यावर वळलं की पहिली आपली खिडकी दिसते. तिच्यात आईची फुलं नसली तर..."



"नसतील कशाने?" काका गरजले. "असतील! तू वळ कोपऱ्यावर, मग बघ! त्यात काय एवढं?"

फोन ठेवला आणि मग काकांना घाम फुटला.

फुलं म्हणजे बर्फाची फुलं. पांढऱ्या दोऱ्याची, क्रोशाने विणलेली, सहा टोकांची, तळहाताएवढी. थंडी पडली की काकू ती पुढच्या खिडकीत टांगायची. बाहेर बर्फ कधीच पडायचा नाही, काकूच्या खिडकीत मात्र पडायचाच. थंडी सरली की फुलं धुऊन, वाळवून बिस्किटांच्या जुन्या डब्यात जायची आणि तिथे वर्षभर मऊ, मलूल होऊन पडून राहायची. टांगायच्या आधी त्यांना कडक करावं लागे. ते काम काकू एका दुपारी उरकायची. "अहो, आज स्वयंपाकघरात येऊ नका हं, माझा पसारा आहे," एवढं बजावून दार लोटून घ्यायची. काका तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरायचे. संध्याकाळी उठून बघावं तर फुलं ताठ, काचेची असावीत तशी. ती ताठ कशी होतात हे विचारावं असं काकांना कधी वाटलं नाही. घरातली बरीच कामं आपली आपण होतात असा त्यांचा समज होता.

उन्हाळ्यात काकू गेली, आणि कुठलंच काम आपलं आपण होत नाही हे त्यांना समजलं.

डबा तेवढा राहिला होता. त्यात जुनी फुलं होती आणि अंथरुणाला खिळल्यावर विणलेली काही नवीही. शेवटच्या फुलांची टोकं वेडीवाकडी होती, कारण हात थरथरत होता. आता यात नवं फूल पडणार नव्हतं. जे होतं ते एवढंच.

इथे काकूच्या शेवटच्या शब्दांबद्दल सांगायला हवं, कारण सगळा घोटाळा त्यातच आहे.

काकू जायच्या आदल्या दिवशी काका खाटेच्या एका बाजूला, लेक दुसऱ्या बाजूला. काकूचे डोळे मिटलेले. अचानक ती अगदी स्पष्ट म्हणाली, "एकतारी घ्या. दोनतारी नको." त्यानंतर ती काही बोलली नाही.

काका ढसाढसा रडले! कारण हे तर त्यांचं वाक्य! फ्यूज बांधायला गेले की ते प्रत्येक घरात हेच बजावायचे, "एकच तार घाला. दोन घातल्यात तर फ्यूज उडणार नाही, घर जळेल!" काकूने त्यांच्या कामात आयुष्यभर काडीचा रस घेतला नव्हता. ते विजेच्या खांबांविषयी बोलायला लागले की ती म्हणायची, "माझ्या विणकामातही खांबाचे टाके असतात, पण मी त्यावर चढून बसते का?" आणि तीच बाई जाताना त्यांचा नियम त्यांना सांगून गेली! शोकसभेत काकांनी हे उभं राहून सांगितलं. "माझं काम तिच्या मनात होतं! शेवटच्या घटकेपर्यंत होतं!" असं म्हणून त्यांनी फोटोला हात जोडले. समोर बसलेल्या बायकांनी एकजात रुमालात तोंडं खुपसली. खालच्या मजल्यावरच्या टेलरबाईंचे खांदे तर असे गदगदत होते की त्यांना उठून बाहेर जावं लागलं. एवढं दुःख! काकांना त्या दिवशी त्यातल्या त्यात बरं वाटलं.

त्या एका वाक्यावर त्यांनी उन्हाळा काढला, पावसाळा काढला. घर खायला उठलं की ते स्वतःशी म्हणायचे, "एकतारी घ्या, दोनतारी नको," आणि दिवस ढकलायचे.

तर शनिवारी सकाळी काका डबा घेऊन टेलरबाईंच्या दारात उभे.

"टेलरबाई, दोऱ्याची वस्तू कडक कशी करतात हो? सहज विचारतोय."

"खळ द्यायची, काका. पिठाची खळ करा, बुडवा, वाळवा."

"हात्तिच्या! त्यात काय एवढं?"

काकांनी खळ केली. नेमकं किती पीठ ते विचारायचं राहिलं, म्हणून अंदाजाने केली. ती इतकी घट्ट झाली की चमचा तिच्यात उभा राहिला आणि पुढे निघेचना. एक फूल बुडवून काढलं तर सगळी भोकं बुजून त्याचा थापलेला गोळा झाला. काकांनी ते घाईघाईने नळाखाली धरलं, धुतलं, कसंबसं वाचवलं. मग खळीत पाणी ओतलं. मग आणखी ओतलं. आता ती पाण्याहून पातळ झाली. तिच्यात सगळी फुलं बुडवून त्यांनी दोरीवर वाळत घातली आणि विजयी मुद्रेने झोपायला गेले.

रविवारी सकाळी फुलं होती तशीच. शिवाय ओलसर, आणि आता त्यांना आंबूस वासही येत होता! एक उचललं तर ते हातातून ओल्या रुमालासारखं लोंबलं. लेक संध्याकाळी कोपऱ्यावर वळणार होती आणि खिडकीत हे लोंबणार होतं.

काका काकूच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. "अगं, काहीतरी सांगून जायचंस ना!" ते रागाने म्हणाले. आणि म्हणता म्हणता थबकले. सांगून तर गेली होती! एकतारी घ्या! दोनतारी नको!

"फुलांबद्दल होतं ते!" काका एकटेच ओरडले. "फुलांना एक तार घालायची! दोन नाही, एक! वा, बाई, वा! माझ्याच भाषेत सांगून गेलीस!"

आता काकांना कोण अडवणार? त्यांनी आपली हत्यारांची पेटी उघडली. तांब्याची होती नव्हती ती सगळी तार काढली, फ्यूजसाठी ठेवलेलीसुद्धा. एकेक तार सुटी करून ते ती फुलाच्या काठाकाठाने ओवायला बसले. चष्मा घामाने निसटत होता, बोटं टोचत होती, पण फुलं उभी राहायला लागली. थोडी तिरकी, थोडी भेदरलेली, पण उभी! काका शीळ घालायला लागले.

शिळेच्या नादात तारेचं टोक एका टाक्यात अडकलं. काकांनी हलकेच ओढलं. सुटेना. जरा जोरात ओढलं. सर्रकन काहीतरी सुटलं! काका ते थांबवायला गेले, पण बावचळून उलटंच ओढत राहिले, आणि बघता बघता अख्खं फूल उसवलं. हातात उरला नुसता दोरा.

ते शेवटच्या फुलांपैकी होतं.

काका बराच वेळ त्या दोऱ्याकडे बघत बसले. दोरा सरळ होत नव्हता. जिथे जिथे टाका होता तिथे तिथे त्याला वळण पडलं होतं, बारीक, एकामागून एक. तिने दोरा जसा वळवला होता तसाच तो अजून वळलेला होता. काकांनी तो ताणून सरळ केला तर सोडल्याबरोबर पुन्हा वळला. त्यांना फार रडू आलं. घरात कुणी नव्हतं, म्हणून ते मोठ्याने रडले. मग दोरा बोटांभोवती गुंडाळून खिशात ठेवला आणि उरलेली फुलं खिडकीत टांगली, कारण ऊन कलायला लागलं होतं.

टांगून झाल्यावर खाली रस्त्यावर जाऊन त्यांनी वर पाहिलं. फुलासारखं काहीच दिसेना! कुणाचे तरी मोजे वाळत घातल्यासारखं वाटत होतं. पण हार मानतील ते फ्यूजकाका कसले? ते धावत वर आले, माळ्यावरून शोभेच्या दिव्यांची जुनी माळ काढली आणि फुलांमधून फिरवली. घाईत माळेतला एक दिवा होल्डरातून निसटला होता. फुलं अजून ओलसर होती. फुलांत उघडी तांब्याची तार होती. कुठल्याही शिकाऊ पोराला काकांनी या तीन गोष्टींसाठी कानफटात दिली असती.

काका खिडकीच्या आड उभे राहिले. कोपऱ्यावर लेक दिसली. हातात बॅग. तिने मान खाली घातली होती. इमारतीपाशी आली तरी तिने वर बघितलं नाही. सरळ आत शिरली.

"अगं, वर बघ ना!" काका कळवळले. मग त्यांना वाटलं, निदान दारात आल्याबरोबर तरी तिला दिसू दे. लिफ्टची घरघर सुरू झाली. ती आता आलीच, असं म्हणत काकांनी बटण दाबलं.

फट्!

नुसता फ्यूज नाही, इमारतीचा मेन उडाला! मजल्यामजल्यावरून "अरे, अरे" असा ओरडा झाला. आणि लिफ्टची घरघर मध्येच थांबली.

काका अंधारात चाचपडत बाहेर धावले. लिफ्ट त्यांच्या मजल्याच्या जरा खालीच अडकली होती. जाळीच्या दारातून पाहिलं तर लेकीचं डोकं काकांच्या पायांच्या पातळीला.

"बाबा?"

"घाबरू नकोस! मी आहे!"

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरले. काय केलंत?"

"काही नाही गं, किरकोळ! आत्ता फ्यूज बांधतो. त्यात काय—" आणि काकांना आठवलं की घरातली सगळी तार फुलांत आहे. ते मटकन जाळीशी जमिनीवर बसले.

तेवढ्यात टेलरबाई टॉर्च घेऊन वर आल्या. "काका, माझं मशीन बंद पडलं! आणि हे लिफ्टमध्ये कोण? अगंबाई, तू होय! आलीस?"

"येतेय अजून," लेक म्हणाली.

काकांना आता राहवेना. जाळीला तोंड लावून त्यांनी सगळं सांगून टाकलं, खळीपासून तारेपर्यंत. "तुझ्यासाठीच केलं गं. तू कोपऱ्यावरून बघशील म्हणून. तुझ्या आईने सांगितलं होतं अगदी तसंच केलं. एकतारी घातली. दोनतारी नाही घातली. तरी हे असं झालं!"

लिफ्टमधून एक विचित्र हुंदका आला. त्यापाठोपाठ दुसरा. लेक रडतेय असं काकांना वाटलं. पण ती हसत होती. हसता हसता ती खरंच रडायला लागली.

"बाबा, एकतारी म्हणजे पाक हो! साखरेचा पाक! आई फुलं पाकात बुडवायची. पाक एकतारी घ्यायचा, बोटांत धरून ओढला की एक तार सुटते तसा. दोनतारी झाला तर साखर दाणे धरते. म्हणून दोनतारी नको!"

"तरीच!" टेलरबाईंच्या तोंडून निसटलं. "मला शोकसभेतच वाटलं होतं हे पाकाचं आहे म्हणून. आम्हा सगळ्या बायकांनाच वाटलं. काकू वातात स्वयंपाक करत असेल म्हटलं. आणि तुम्ही आपले फ्यूज, फ्यूज! हसू आवरेना हो, आणि त्या हसण्याचं रडूही येत होतं. म्हणून तर मी बाहेर गेले." मग आपण काय बोलून बसलो ते ध्यानात येऊन त्यांनी टॉर्च बंद केला.

अंधारात काका जाळीकडे वळले.

"तू त्या दिवशी का नाही सांगितलंस?" त्यांनी लेकीला विचारलं.

"तुम्ही इतक्या अभिमानाने सांगत होतात. कसं सांगणार?"

"म्हणजे माझ्या कामाचं काही नव्हतंच ते." काकांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तुला सांगत होती. पाक कसा घ्यायचा ते लेकीला सांगून गेली. बरोबरच आहे. मी काय, कधी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. मी आपला फुकट इतके महिने..."

त्यांच्याकडे तेवढं एकच वाक्य होतं, आणि तेही आता दुसऱ्याचं निघालं होतं.

जाळीतून लेकीची बोटं बाहेर आली आणि तिने काकांच्या पायाचा अंगठा धरला. तेवढंच हाताला लागत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मीही इतके महिने तेच समजत होते, की मला सांगितलं. आणि माझ्याच्याने डबा उघडवेना. म्हणून मी येत नव्हते. पण आई मला 'घ्या' कशाला म्हणेल?"

"अं?"

"मला म्हणायचं असतं तर 'घे' म्हणाली असती. जन्मात कधी तिने मला 'घ्या' म्हटलंय? 'घ्या' ती एकाच माणसाला म्हणायची."

काकांनी दोन्ही हातांनी जाळी धरली. ती आयुष्यभर त्यांना "येऊ नका" म्हणून दार लोटून घ्यायची. जाताना तिने त्यांना बोलावलं होतं. फुलं आता तुम्ही करा म्हणाली होती. आणि त्यांना पाक आणि फ्यूज यातला फरक कळला नव्हता! काका जाळीला डोकं टेकून रडले. टेलरबाईंनी टॉर्च लावला नाही.

मग "अहो बाबा, मला बाहेर काढा आधी!" असं लेक ओरडली, तेव्हा कुठे काका भानावर आले. टेलरबाईंनी टॉर्च धरला, काकांनी आधी दिव्यांच्या माळेचं बटण बंद केलं, मग खिडकीतल्या एका फुलातून तार सोडवली, इतक्या जपून की नोकरीत कुठली तार तशी हाताळली नसेल. एकच घेतली. खाली जाऊन मेन बांधला. इमारत उजळली, लिफ्ट वर आली.

स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर काका सवयीने थांबले. "येऊ का?" त्यांनी विचारलं. लेकीने त्यांच्या हातात साखरेची बरणी दिली.

पाक उकळायला लागला. लेकीने चमच्यावर घेऊन निववला, अंगठा आणि बोटाने ओढून दाखवला. "अजून तार नाही. थांबा." मग ती आईबद्दल काहीतरी सांगायला लागली, काका त्यात आपलं काहीतरी घालायला लागले, बोलता बोलता दोघं हसले, दोघांनी डोळे पुसले, आणि गॅसकडे कुणाचंच लक्ष राहिलं नाही. काकांनी पुन्हा पाक बोटांत धरून ओढला.

"अगं," ते घाबरून म्हणाले, "दोन आल्या!"

दोघांनी फोटोकडे पाहिलं.

"पाणी घालू?"

"घाला थोडं. किती ते मलाही माहीत नाही."

फुलं धुतली, तारा काढल्या, पाकात बुडवली, थर्माकोलच्या तुकड्यावर टाचण्या लावून एकेक टोक ताणलं. शेवटच्या वेड्यावाकड्या फुलांशी आल्यावर काकांनी टोकं सरळ करायला हात घातला, तर लेक म्हणाली, "असू देत, बाबा." काकांनी तशीच टाचली. सकाळपर्यंत ती वाळली. टांगायला दोरा हवा होता, तेव्हा काकांनी खिशातला तो उसवलेला दोरा काढून तोडून तोडून वापरला. त्याला अजून टाक्यांची वळणं होती, त्यामुळे फुलं जराशी उंचसखल राहिली. लेक मुद्दाम खाली कोपऱ्यापर्यंत गेली, वळली, आणि तिथूनच तिने हात हलवला. काकांनीही हलवला. रडायचं नाही असं दोघांचं ठरलं होतं, ते दोघांनीही पाळलं नाही.

ती गाडीला गेली आणि दुपारी काका तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झाले. किती दिवसांनी त्यांना झोप लागली! संध्याकाळी उठून बघतात तर खिडकी काळी!

पाणी कमी पडलं होतं. पाक दोनतारीच राहिला होता, त्याने दाणे धरले होते, आणि दाण्यांची खबर मुंग्यांना लागली होती. फुलाफुलावर मुंग्या! चौकटीवरून, भिंतीवरून, थेट जिन्यापर्यंत मुंग्या!

काकांनी झाडू उचलला. फोटोकडे बघितलं. झाडू खाली ठेवला.

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मान्य आहे."

आणि ती रांग कुठून आली ते बघत ते जिना उतरायला लागले. रांग मात्र एकतारी होती.